उकडलेलं बी

छोट्या लाईनची गाडी सौंदडला थांबायला लागून तेव्हा काही वर्षं झाली होती. स्टेशनापासून बैलगाडीनं बरंच आत, चूलबंद नदीच्या काठावर जे गाव होतं, तिथल्या निम्म्या लोकांनी ती गाडी पाहिली होती आणि उरलेल्यांनी पाहिली असं सांगितलं होतं. बाकी गाव साधं. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या आणि घरोघरी भात. गहू पिकायचा फक्त धुरपताच्या घरी, नदीच्या गाळाच्या एका पट्टीत. तोही बाजारात मिळतो तसला गहू नव्हे, खपली.

खपली हे मोठं हट्टी धान्य. दुसरा गहू झोडपला की दाणा बाहेर येतो. खपलीचा दाणा टरफल सोडत नाही. ते धानासारखं उखळात घालून कांडावं लागतं आणि पेरायचं तेव्हा टरफलासकट पेरायचं. धुरपताच्या सासूच्या सासूच्याही आधीपासून हे बी त्या घरात होतं म्हणतात. त्याची खीर लालसर होते, दाणा शिजूनही अख्खा राहतो आणि पोटाला जड पडत नाही. गावात कुठलीही बाई बाळंत झाली की धुरपता सूपभर खपली कांडून घेऊन जायची, स्वतः खीर शिजवायची आणि बाळाच्या ओठाला गुळाच्या पाण्याचं पहिलं बोट लावायची. नव्या नवरीला पहिली हळद तिच्याच हातची. नवी गाय आली, तरी आधी धुरपतानं पाठीवर हात फिरवायचा. हे सगळं कशामुळे? तर तिच्या हातानं टाकलेलं खपलीचं बी कधी वाया गेलं नाही म्हणून. गावानं असं ठरवून टाकलं होतं आणि धुरपतालाही ते मनातून आवडायचं. का नाही आवडणार? विधवा बाईला गावात मान मिळायचे रस्ते तेव्हा फार नव्हते.

तिचा मुलगा चैतराम. देवमाणूस होता, म्हणजे घरात काय चाललंय याचा त्याला पत्ता नसायचा. त्याची बायको शामकला केशोरीकडची. तिच्या माहेरी नुसतं धान. गव्हाची पोळी वर्षातून एकदोनदा कुणाच्या लग्नात खाल्लेली. पोरगी कामसू होती, पण भित्री. सासूनं आवाज चढवला की हिच्या हातातलं भांडं खाली पडायचं, आणि धुरपताचा आवाज नेहमीच चढलेला असायचा.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर धुरपताचा भाऊ झाडावरून पडला. तो सडक अर्जुनीला राहायचा. निरोप आला तशी धुरपता निघाली. दारातून वळून सुनेला म्हणाली,

"शामकला, खपली कांडून ठेव वो. मी आली की दिवाळीची खीर करू."

"हव आत्या."

कोणती खपली, कुठली, किती, हे धुरपतानं सांगितलं नाही. सांगायची गरज तिला वाटली नाही. आणि शामकलानं विचारलं नाही. विचारलं असतं तर "एवढं बी समजत नाही का?" हे ऐकावं लागलं असतं. आता इथंच सगळं आलं. एक बाई सांगायला विसरली, दुसरी विचारायला घाबरली.

घराच्या आतल्या खोलीत ढोली होती. बांबूची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली, तोंडही लिंपून बंद केलेलं. शामकलानं तोंड फोडलं. आत खपली, राख आणि कडूनिंबाचा पाला. तिनं सगळं काढलं, पाखडलं आणि उखळात घालून कांडायला बसली. मुसळ आपटून आपटून दंड भरून आले. दाणा फुटायचा, त्याचा चुरा व्हायचा, पण टरफल काही सुटेना. तळहाताला फोड आले. सासू परत आल्यावर काय म्हणेल या विचारानं तिला रडू यायला लागलं.

मग तिला माहेर आठवलं. केशोरीला जे धान कांडताना फार तुटायचं ते तिची आई आधी उकळत्या पाण्यात उकडायची, उन्हात वाळवायची आणि मग कांडायची. त्याला उसना तांदूळ म्हणायचे. टरफल अलगद सुटायचं, दाणा अख्खा राहायचा. हे तर धानासारखंच दिसतंय, शामकलानं विचार केला. टरफल तसंच, कांडणं तसंच. तिनं मोठा गंज चुलीवर ठेवला आणि ढोलीतली सगळीच्या सगळी खपली उकडून काढली. घरभर गोडसर वास सुटला. आपल्याला सुचलं याचा तिला आनंद झाला. तिनं अंगणात चटई टाकून खपली पसरली, गंज घासूनपुसून पालथा घातला आणि राखण करत बसली.

खपली खडखडीत वाळली तेव्हा चैतराम बांधीवरून आला. चटईकडे पाहून थबकला.

"अवो, बी कायले वाळू घातली?"

"बी?"

"हे बीच त होय. ढोलीत बी राहते. खायची खपली त तिकडं कोपऱ्यातल्या मडक्यात आहे." मग तोच आपला खूश होऊन म्हणाला, "पन बरं केली. ऊन दाखवलं का किडा लागत नाही. मायले सांगीन."

शामकला उभी होती तिथंच राहिली. बी उकडलं की मरतं, हे धानाच्या घरात जन्मलेल्या पोरीला सांगावं लागत नाही. तिनं तोंड उघडलं, तर चैतराम पाय धुवायला निघूनही गेला होता.

ती तेव्हा बोलली असती तर? धुरपतानं घर डोक्यावर घेतलं असतं, हे नक्की. शिव्यांची लाखोली वाहिली असती, केशोरीच्या व्याह्यांचा उद्धार झाला असता. पण पेरणीला अजून वेळ होता. कुठून तरी बी आणता आलं असतं. हे तुम्हाआम्हाला दिसतं. शामकलाला फक्त सासूचा चेहरा दिसत होता. तिनं वाळलेली खपली गोळा केली. टरफल किंचित काळवंडलं होतं, पण राखेत घोळल्यावर तेही दिसेना. तिनं ढोली भरली, कडूनिंबाचा ताजा पाला घातला, शेणमाती कालवून तोंड लिंपलं. ते लिंपण तिनं फार सुबक केलं होतं. नंतर कितीतरी दिवस तिला आपले ते लिंपणारे हात आठवायचे आणि स्वतःचीच किळस यायची.

धुरपता परतली ती थकून आली होती, भावाचा पाय कायमचा अधू झाला होता. तरी दुसऱ्या दिवशी खिरीला बसली. मडक्यातली खपली काढून तिनं त्यावर पाण्याचा हबका मारला, ओल्या पोत्याखाली झाकून ठेवली आणि मग हळूहळू कांडली. टरफल सुटत गेलं.

"पाहून ठेव," ती म्हणाली. "नुसतं पानी दाखवाचं. भिजवाचं नाही. जोर नाही लावाचा, तिले मनवा लागते." मग तिची नजर सुनेच्या तळहाताकडे गेली. "हे काय वो? फोड आले?"

"कांडून पाहिली होती, आत्या. जमलं नाही."

"बाप्पा! कोरडीच कांडली का?" आणि शिव्या देण्याऐवजी ती हसली. तिनं शामकलाचे हात आपल्या हातात घेऊन फोडांवर तूप चोळलं. "मले बी पहिल्यांदा असेच फोड आले होते. सासूनं एक शब्द सांगतला नव्हता. माहीच चुकी झाली, मी सांगाले पायजे होतं."

तेव्हा तरी बोलावं! शामकलाच्या ओठावर आलंही होतं. पण प्रेमानं हात चोळणाऱ्या बाईला असलं सांगणं तिला शिव्या खाण्याहून कठीण वाटलं. खीर झाली. गूळ, दूध, वर तूप. चैतराम वाटीमागून वाटी चाटून पुसून खात होता. शामकलाची वाटी भरलेलीच राहिली. सासूला वाटलं, पोरीला माहेरची आठवण येतेय.

कार्तिकात पेरणी झाली. त्या घरात पेरणीची रीत होती. घरातली वडीलधारी बाई सकाळपासून उपाशी, मुक्यानं, ढोलीचं तोंड फोडायची आणि पहिली मूठ आपल्या उजव्या हातानं जमिनीत टाकायची. मग नांगर. बियाची टोपली डोक्यावर घेऊन शामकला सासूच्या मागं चालत होती. मेलेल्या बियाचा भार तिला अजिबात जड लागला नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली. धुरपतानं मूठ भरली, कपाळाला लावली, मुक्यानंच ओठ हलवले आणि बी मातीत सोडलं. शामकला मनात म्हणत होती, एखादं तरी उगव. गंजात वर वर राहिलेलं, नीट न उकडलेलं, असं एखादं तरी.

एकही उगवलं नाही.

धुरपता रोज पट्टीवर जायची. आधी म्हणाली थंडी कमी आहे. मग म्हणाली मुंग्यांनी नेलं असेल. मग एक दिवस खाली बसून तिनं बोटांनी माती उकरली. दाणे होते तिथंच होते, कुजलेले. तिनं ते तळहातावर घेतले आणि बराच वेळ पाहत बसली. शामकला बांधावर उभी होती. सासूनं मान वर केली तेव्हा तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर शामकलाला बरं वाटलं असतं.

"माहा हात गेला वो," धुरपता म्हणाली.

विहिरीवर बातमी पोचायला वेळ लागला नाही. जमुनाबाई नावाची शेजारीण होती, तिच्या पोटात पाणीही टिकायचं नाही. "धुरपताबाईचा हात गेला," ती ज्याला त्याला सांगत सुटली. वाईट मनानं नव्हे, डोळ्यांत पाणी आणून सांगायची. पण त्यानं काय फरक पडतो? त्या उन्हाळ्यात जमुनाबाईच्याच घरी लग्न होतं. पहिल्या हळदीला त्यांनी दुसरीच बाई बोलावली. धुरपता मांडवात मागच्या रांगेत बसली, उजवा हात पदराखाली घेऊन. ज्या हातानं बी मरतं, त्या हातानं नव्याला शिवू नये, ही समजूत काही तिच्यावर कुणी लादली नव्हती. ती स्वतःच गावातल्या सगळ्यांहून जास्त मानत होती. इतकी वर्षं त्या हाताचा गुण मानला, मग आता त्याचा दोष मानायला नको? बाई हिशेबाला पक्की होती, आणि हिशेब चुकीचा आहे हे एकट्या शामकलाला ठाऊक होतं.

तोवर शामकलाला दिवस गेले होते. भादव्यात मुलगी झाली. सुईणीनं बाहेर येऊन हाक मारली, "धुरपताबाई, या, बोट लावा." धुरपता उंबऱ्याशी आली. बाळाकडे पाहून तिचं तोंड असं काही फुललं की शामकलानं बाजेवरून पाहिलं आणि तिला रडू फुटलं. पण धुरपतानं उंबरा ओलांडला नाही.

"तूच लाव," ती सुईणीला म्हणाली. "माहा हात नको."

"आत्या, या ना," शामकला कळवळून म्हणाली. "काही होत नाही."

"होते का नाही, ते मले पाहाचं नाही. पोरीच्या जिवावर कायले पाहाचं?"

आणि ती बाहेरूनच सांगत राहिली, पेज कशी कर, तूप किती घाल. खपली नव्हतीच, त्यामुळे गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला जी खीर मिळाली होती ती तिच्या स्वतःच्या सुनेला मिळाली नाही. शामकला तांदळाची पेज प्यायची आणि तिला वाटायचं, बरोबर आहे, मला हेच मिळायला हवं. उद्या सांगीन, अंगात जरा ताकद येऊ दे, असं ती रोज स्वतःला सांगायची. ताकद आली. उद्या आला नाही.

मुलीचं नाव सुशिला ठेवलं. बारशानंतर धुरपतानं ढोलीवर हात न ठेवता, लांबूनच बोट दाखवून म्हटलं, "आता हे ढोली तुही. भावाकडं मी मागं एक सूप बी देल्ली होती, त्याच्या घरी अजून पिकते. चैतराम जाऊन मागून आनेल. पेरजो तू."

शामकला म्हणाली, "मी नाही, आत्या. तुमीच पेरा."

"एक डाव माह्या हातानं बी मेली, तेवढं बस नाही झालं का?"

चैतरामनं बी आणलं. शामकलानं उपाशी, मुक्यानं पहिली मूठ टाकली. मुकं राहायची रीत तिच्या पथ्यावरच पडली म्हणायची. आणि खपली अशी तरारून आली की रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. का नाही येणार? बी जिवंत होतं, गाळ कसदार होता. पण विहिरीवर जमुनाबाईनं शामकलाच्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. "सुनेच्या हाताले गुन आहे वो बाई!" मग लोक शामकलाला बोलवायला लागले. हळदीला, गाईला, बाळाला. ती काहीबाही कारणं सांगून टाळायची, तर लोक म्हणायचे, पाहा किती नम्र आहे. तिच्या अंगावर स्तुती पडायची आणि अंग भाजायचं. घरी यावं तर धुरपता अंगणात एका कडेला बसलेली असायची, उजवा हात पदराखाली, आणि सुशिला रांगत तिच्याकडे निघाली की डाव्या हातातली काठी आपटून म्हणायची, "दूर हो! दूर हो वो, माय!" आवाज मुद्दाम कडक काढायची. पोरगी दचकून मागं फिरायची. हळूहळू ती तिकडे जायचीच थांबली.

चैतरामला यातलं काही दिसलं का? त्याला दिसलं की मायचा स्वभाव म्हातारपणी जरा तिरसट झाला आहे. एवढंच.

पुढच्या दिवाळीला घरात पुन्हा खपलीची खीर होती. सुशिला नुकती पावलं टाकायला लागली होती. शामकलानं शिजलेल्या खिरीचा गंज चुलीवरून उतरवून खाली ठेवला आणि वाट्या आणायला आत गेली. धुरपता चुलीजवळच, हाताच्या अंतरावर बसली होती. सुशिला दुडुदुडु आली, गंज पाहून खुदकन हसली आणि दोन्ही हात पुढं करून त्याच्याकडे निघाली.

"शामकला! धाव वो! पोरगी! शामकला!"

ती किंकाळी ऐकून शामकला धावली. तोवर सुशिलाचा तळहात गंजाच्या काठाला लागून गेला होता. पोर आकांत करत होती. आणि शामकलानं पाहिलं, की धुरपता तिथंच बसली होती, पुढं झुकलेली, आणि तिनं आपला उजवा हात डाव्या हातानं गच्च धरून ठेवला होता. नखं रुतली होती. हात पोरीकडे जाऊ पाहत होता आणि ती बाई त्याला सगळा जोर लावून मागं ओढत होती.

शामकलानं पोरीचा हात पाण्यात धरला, त्यावर तूप लावलं. भाजलं थोडंच होतं. पोर हुंदके देत तिच्या खांद्यावर झोपली. मग ती सासूसमोर येऊन खाली बसली.

"आत्या, तुमचा हात नाही गेला. ते बी मी मारली. तुमी गावाले गेल्या होत्या तवा मी ढोलीतली सारी खपली गंजात उकडली. धानासारखी. बी आहे, हे मले माहीत नव्हतं. मंग भेवानं परत भरून ठेवली. सांगतलं नाही."

सांगून झालं. इतक्या दिवसांचं ओझं चार वाक्यांत संपलं, याचंच तिला आश्चर्य वाटलं. आता आभाळ कोसळेल म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

धुरपतानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत माया होती.

"मले बरं वाटावं म्हनून बोलून राहिली ना?" ती म्हणाली. "तू लय चांगली आहेस, पोरी. पन देवानं देल्लेलं आपल्या डोक्यावर नाही घ्यावं."

"नाही आत्या, खरं सांगून राहिली. माह्यावर विश्वास ठेवा!"

"चैतरामनं पाहिली होती. ऊन दाखवत होती तू. मले त्यानंच सांगतलं तवा." आणि ती उठून बाहेर गेली.

खोटं न बोलताच खोटं खपलं होतं आणि खरं सांगितलं तर कुणी घेईना. दुसऱ्या दिवशी शामकला विहिरीवर गेली आणि सगळ्यांसमोर तेच बोलली. जमुनाबाईनं घागर खाली ठेवून पदर डोळ्यांना लावला. "अशी सून पायजे! सासूचं पाप आपल्या अंगावर घेऊन राहिली!" बायांनी माना हलवल्या. शामकलाला ओरडावंसं वाटलं. आपण किती वाईट आहोत हे गावाला पटवायलाही आता मेहनत पडणार होती.

घरी आल्यावर तिनं दोन मडकी घेतली आणि त्यांत गाळाची माती भरली. ढोलीतून दोन मुठी बी काढलं. एक मूठ धुरपताच्या डोळ्यांसमोर उकळत्या पाण्यात टाकली, उकडली, त्याच अंगणात त्याच चटईवर वाळवली. वाळल्यावर राखेत घोळून दोन्ही मुठी सासूपुढं धरल्या.

"पाहा, ओळखू येते का?"

धुरपतानं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दोन्ही मुठींत तिला फरक सापडेना.

"हे उकडलेलं मी पेरते, माह्या गुनाच्या हातानं," शामकला म्हणाली. "आनि हे कच्चं तुमी पेरा."

"मी नाही."

"आत्या, तुमच्या पाया पडते." आणि ती खरोखरच पाया पडली. "एवढं एक करा. नाही उगवलं, त मी पुन्हा तोंड नाही उघडनार."

धुरपतानं पदराखालून उजवा हात काढला. तिनं बी मातीत दाबलं आणि चटका बसल्यासारखा हात लगेच आत घेतला.

चैतरामनं "मडकी कायले ठेवली?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता तो नेहमीप्रमाणे पाय धुवायला गेला. धुरपता मडक्यांकडे बघत नाही असं दाखवायची, पण अंगण झाडताना त्यांच्याभोवतीच तिचा झाडू फिरायचा. मग एका सकाळी शामकला पाणी भरून आली, तर सासू मडक्यांसमोर उकिडवी बसली होती. धुरपतानं पेरलेल्या मडक्यात हिरवे कोंब दाटीवाटीनं वर आले होते. दुसऱ्यात तिनं बोटानं माती उकरून ठेवली होती. दाणे कुजले होते, त्या वर्षी पट्टीत कुजले होते तसेच.

शामकला घागर घेऊन उभीच राहिली. घागर उतरवायचं तिला सुचलं नाही.

"तू तवाच सांगतलं असतं," धुरपता मडक्याकडे पाहतच म्हणाली, "त मी शिव्या देल्ल्या असत्या. तुह्या मायबापाले बोलली असती. एखाद्या दिवस जेवली नसती. मंग भावाकडून बी आनली असती."

"हव आत्या."

"एवढंच झालं असतं."

माफ करा म्हणायचं शामकलानं ठरवून ठेवलं होतं, पण तो शब्द आता तिला चोरून आणल्यासारखा वाटला. ती एवढंच म्हणाली, "ढोली तुमची आहे. तुमीच घ्या वापस."

"ढोली राहू दे तुह्याकडंच. ढोलीचं मी काय करू?" धुरपता म्हणाली. "मले पोरगी पायजे."

सुशिला ओसरीवर चिंध्यांच्या बाहुलीशी खेळत होती. धुरपता उठली, तिच्यासमोर जाऊन बसली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. उजवा हात पदराबाहेर, उन्हात, दिसेल असा. "ये वो माय," ती म्हणाली. कडक आवाजाची इतकी सवय लागली होती की मऊ आवाज काढताना तो घोगरा निघाला.

पोरगी दचकली. बाहुली तिथंच टाकून ती धावत आईकडे आली आणि लुगड्याच्या घोळात तोंड लपवून रडायला लागली.

शामकलानं घागर खाली ठेवली. तिनं मुलीला उचललं, सासूजवळ नेलं आणि तिचा तो भाजल्याचा डाग असलेला हात धरून धुरपताच्या उघड्या तळहातावर ठेवला. सुशिलानं आपला हात मागं ओढून घेतला.